जास्तीचा स्क्रू

इतर कारकुनांच्या खिशाला पेन असायचं, दादारावांच्या खिशाला पेचकस. अकोल्याच्या ज्या जिनिंग फॅक्टरीत मी नोकरीला होतो, तिथले ते हेडक्लार्क. वस्तू दिसली की आधी उघडायची, मग ती कशासाठी असते ते विचारायचं, हा त्यांचा खाक्या. "खोलल्याबिगर कयते काय?" असं ते वर आपल्यालाच विचारत. भिंतीवरचं घड्याळ, शेठजींचा पंखा, माझी नवी सायकल, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. माझी सायकल तेव्हापासून उजवीकडे वळायला कुरकुर करायची. प्रत्येक दुरुस्तीनंतर एखादा स्क्रू उरायचाच. तो पानाच्या डबीत टाकत दादाराव म्हणायचे, "हा कंपनीनं जास्तीचाच लावला होता."

त्यांचा खरा जीव कचेरीतल्या हिशेबाच्या यंत्रावर. दांडा फिरवला की खडखडत बेरीज काढून देणारं ते एक विलायती धूड होतं. आपल्या माणसाखेरीज कोणी उघडू नये, म्हणून ते बनवणाऱ्या कंपनीनं त्याला शिशाचं सील ठोकलं होतं. पैसे आपले आणि कुलूप त्यांचं, म्हणजे लग्न लावून देऊन पोरगी घरीच ठेवून घेतल्यासारखं झालं, असं दादाराव सगळ्या कचेरीला ऐकवत. आणि सील तोडत.

कंपनीचे मेकॅनिक शुक्लाजी दर तीन महिन्यांनी नागपूरहून यायचे. तुटलेलं सील पाहून कपाळाला हात लावायचे. मग दिवसभर दोघांची जुंपायची. शुक्लाजींनी तेल घातलं की दादारावांना ते जास्त वाटे, स्प्रिंग ताणली की ती ढिली हवी असे. दुपारी मात्र दादारावांच्या डब्यातून दोघांपुरत्या भाकरी आणि ठेचा निघायचा. बायको गेल्यापासून ते एकटेच राहत आणि एरवी फुटाण्यांवर दुपार काढत. भांडायला ताकद लागते, असा त्यांनी खुलासा केला होता.

एकदा ऐन कापसाच्या हंगामात यंत्र अडलं. दादारावांनी ते उघडलं आणि चक्क दुरुस्त केलं. एकही स्क्रू उरला नाही. शेठजींनी सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली आणि कंपनीशी असलेला दुरुस्तीचा करारच मोडून टाकला. आता नागपूरच्या माणसाची गरज नाही, म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. दादारावांचं तोंड मात्र एवढंसं झालं. जन्मभराची लढाई जिंकलेला माणूस असा का दिसतो, ते मला कळेना.

नंतर आठवडाभरातच यंत्राचा दांडा फिरेनासा झाला. शेठजींनी दादारावांना बोलावलं. ते लांबच उभे राहिले.

"मले नाई जमत, शेठजी," ते म्हणाले. "नागपूरले तार करा. शुक्लाजीलेच समजते त्यातलं."

शेठजींनी चरफडत तार केली.

शुक्लाजी आले त्या सकाळी दादारावांनी सवयीनं पानाची डबी माझ्यापुढे धरली. सुपारीशेजारी एक तेलकट स्प्रिंग पडली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी घाईनं डबी मिटली.

"जास्तीचीच लावली होती कंपनीनं," ते हळूच म्हणाले आणि भाकरीचा मोठा डबा घेऊन शुक्लाजींच्या टेबलाकडे निघाले.

मला हसू आवरेना. शुक्लाजी दिवसभर ती स्प्रिंग शोधत होते, आणि दादाराव शेजारी स्टूल ओढून, त्यांच्या चुका काढत, त्यांना ती शोधायला मदत करत होते.