बिनआवाजी कॉफी

मीटर : २९

मुलाखत चालू असताना सहा पावलांवर कॉफी होईल आणि कोणाला पत्ताही लागणार नाही, अशी हमी कानवाल्यांनी बायकोला दिली. हमी देताना त्यांनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या होत्या. बायकोला तेव्हाच धास्ती वाटायला हवी होती.

कानवाले म्हणजे कान तपासणारे. दवाखान्यात माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचे, जाड-बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. बावीस वर्षांत त्यांनी अकरा हजार माणसांचे कान तपासले होते. स्वतःचे तेवढे राहून गेले होते. आचाऱ्याला कोणी जेवलास का म्हणून विचारत नाही, तसलाच प्रकार.

बायकोचं ऑफिस महिनाअखेर बंद होणार होतं. चौदा वर्षांची नोकरी जाणार. चाळीस अर्ज केल्यावर एका कंपनीने बोलावलं, तेही साध्या कामासाठी नाही. ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या विभागाची प्रमुख. काम घरून. मुलाखतही घरूनच, लॅपटॉपवर, शनिवारी अकरा वाजता. दीड तास. मध्ये पावणेबाराला पाच मिनिटांची सुटी.

"त्या पाच मिनिटांत मला कॉफी हवी," बायको म्हणाली. "नाहीतर पुढच्या अर्ध्यात मी स्वतःचं नावसुद्धा विसरेन."

"मिळेल."

"आणि आवाज नको. घरून काम म्हटल्यावर घर शांत आहे का, ते बघणारच. आणि आपल्या स्वयंपाकघराला दार नाही."

दार होतं. नवा फ्रिज आत जाईना म्हणून काढलं आणि ते दोन वर्षं बाल्कनीत भिंतीला टेकून उभं होतं. दाराच्या जागी पडदा.

"अगं, तू कोणाशी बोलतेयस? आवाज हा माझा धंदा आहे."

"म्हणूनच भीती वाटतेय."

मीटर : ७८, ५४, ३१ आणि एक न पटणारा आकडा

कानवाल्यांचा दवाखाना संध्याकाळी असे. पुढचे आठ दिवस बायको कामावर गेली की ते दवाखान्यातून आणलेला आवाज मोजायचा मीटर फ्रिजवर ठेवत आणि कॉफीचं एकेक उपकरण तपासायला घेत. काही शेजाऱ्यांकडून मागून आणलेली, काही बहिणीकडून. वहीत नोंदी अशा :

बिया दळायचा ग्राइंडर. अठ्ठ्याहत्तर. रस्ता खोदल्यासारखा. बाद. पूड आदल्या दिवशी करून ठेवणे.

विजेवर थेंब थेंब गाळणारं मशीन. चोपन्न. आधी गुणी मुलासारखं वागतं, शेवटी म्हाताऱ्यासारखं खाकरतं. बाद.

कागदी फिल्टर. थेंबांचा आवाज एकतीस. सुंदर. पण पाणी वेगळं उकळायचं आणि किटली उकळताना विमान सुटतं. बाद.

फ्रेंच प्रेस, म्हणजे दांडा दाबून गाळायचं काचेचं भांडं. पाणी पुन्हा त्याच किटलीचं. शिवाय दांडा कुरकुरतो. बाद.

"अरे, पाणी सकाळीच उकळून थर्मासमध्ये भरून ठेव ना," आई म्हणाली. ही कानवाल्यांची आई, वय अठ्ठ्याहत्तर.

"आई, कॉफीला त्या क्षणी उकळलेलं पाणी लागतं," कानवाले म्हणाले. हे त्यांनाही आदल्याच दिवशी कळलं होतं.

मग आला मोका पॉट. ॲल्युमिनियमचं दुमजली भांडं. खाली पाणी, मध्ये पूड, गॅसवर ठेवलं की वाफ पाण्याला ढकलते आणि कॉफी आपोआप वरच्या मजल्यावर. किटली नको, काही नको. मावसभावाने घर बदलताना टाकून दिलेला, म्हणून मिळाला. दोन मजल्यांमधलं रबर जरा कडक झालं होतं, पण वयाप्रमाणे कोण कडक होत नाही?

गॅस बारीक करून कानवाले डोळे मिटून उभे राहिले. काही नाही. अगदी काही म्हणजे काही नाही. समाधानाने डोळे उघडून त्यांनी मीटर पाहिला. एकसष्ट.

मीटर म्हणत होता एकसष्ट, कान म्हणत होते शांत. दोघांपैकी एकात बिघाड होता. कानवाल्यांनी मीटरची बॅटरी बदलली.

तेवढ्यात आई खोलीतून आली. "काय रे शिट्टी वाजतेय?"

"कसली शिट्टी?"

"बारीक. सुईसारखी. डोक्यात घुसतेय नुसती."

कानवाल्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी आईला खुर्चीत बसवलं. "आई, याला कान वाजणं म्हणतात. या वयात होतं. आवाज बाहेर नसतोच, आपल्या आत असतो. दीर्घ श्वास घे बघू."

आईने श्वास घेतले. कॉफी झाली. कानवाल्यांनी गॅस बंद केला.

"थांबली," आई म्हणाली.

"बघ. श्वासाने."

वहीत नोंद झाली : मोका पॉट, शांत, पसंत. त्याखाली : आई, कान वाजणे, सोमवारी दवाखान्यात नेणे.

नंतरचे तीन दिवस आईचे कान रोज सकाळी साडेदहाला, कॉफीची तालीम सुरू झाली की वाजायला लागत आणि कॉफी झाली की थांबत. कानवाल्यांनी तेही लिहून ठेवलं. ‘ठरलेल्या वेळी वाजतात. विशेष.’

मीटर : ३४

शनिवार. बायकोचा इस्त्रीचा कुडता. लॅपटॉप पाच जाड पुस्तकांच्या चळतीवर, म्हणजे चेहरा वरून चांगला दिसतो. पडद्यावर तिघं : टाय लावलेले अध्यक्ष, मोठ्या चष्म्याच्या एक बाई आणि एक लिहून घेणारा, जो मान वर करत नव्हता.

कानवाले स्वयंपाकघराच्या पडद्याच्या फटीला डोळा लावून उभे. पायांत मोजे. खिशातल्या किल्ल्या काढून ठेवलेल्या. फ्रिजसुद्धा त्यांनी बंद केला होता.

पहिला अर्धा तास बायको काय बोलत होती. एकेक उत्तर मोजून-मापून. अध्यक्षांनी दोनदा मान डोलावली. कानवाल्यांना भरून आलं. अकरा चाळीसला त्यांनी मोका पॉट गॅसवर ठेवला.

अकरा त्रेचाळीसला बायकोची मान किंचित आखडली.

तिचा डावा हात खुर्चीच्या बाजूला खाली आला. तळहात जमिनीकडे. दोनदा दाबल्यासारखा.

गॅस कमी करा, कानवाल्यांना कळलं. तो बारीकच होता, त्यांनी आणखी बारीक केला. म्हणजे कॉफीला आता दुप्पट वेळ लागणार होता.

हात पुन्हा आला. या वेळी चिमूट, आणि चिमूट गोल फिरवलेली. जोरात. पुन्हा पुन्हा.

साखर ढवळा. एरवी बायको बिनसाखरेची पिते, पण आजचा दिवस वेगळा, ताण असतो. कानवाल्यांनी कपात दोन चमचे घातले. चिमूट अजून फिरतच होती, म्हणून तिसरा.

मग बायकोने अध्यक्षांकडे बघत, चेहऱ्यावरचं हसू न हलवता, तळहात आडवा करून स्वतःच्या गळ्यावरून फिरवला.

घसा सुकला. बिचारी.

कानवाल्यांनी गॅस मोठा केला.

मीटर : ७१

कानवाल्यांच्या मते, शांतता.

मीटर : ७१ (चालू)

आई खोलीतून आली ती दोन्ही कानांवर हात ठेवून. तोंड असं केलेलं, जणू दात काढताहेत.

"बंद कर ते," ती कुजबुजली.

"आई, श्वास घे," कानवाले कुजबुजले. "आत्ता नको. तिची मुलाखत आहे."

"म्हणूनच म्हणतेय, बंद कर."

"अगं, बाहेर काही नाहीये. तुझ्या आत—"

आईने वाद घातला नाही. तिने मुलाचं मनगट पकडलं, लहानपणी रस्ता ओलांडताना पकडायची तसं, आणि त्याचं बोट मोका पॉटच्या लाकडी मुठीवर टेकवलं.

मूठ थरथरत होती. बारीक, वेगात, ताप चढल्यासारखी. दोन मजल्यांच्या मधल्या फटीतून, कडक झालेल्या रबराशेजारून, वाफेची केसाएवढी रेघ बाहेर पडत होती. आवाज कसा असतो ते बोटाला कळत होतं. कानाला नाही.

आईने गॅस बंद केला. फ्रिजवरचा आकडा उतरू लागला. एकाहत्तर, अठ्ठावन्न, चव्वेचाळीस, तेहेतीस. कानवाल्यांच्या कानांत काहीही बदललं नाही. आवाज थांबला हे त्यांना फटीतून दिसलेल्या बायकोच्या खांद्यांवरून कळलं. खांदे चार बोटं खाली आले.

"कधीपासून वाजत होतं?"

"मंगळवारपासून सांगतेय."

"मला वाटलं, तुझे कान..."

"माझे ठणठणीत आहेत," आई म्हणाली.

बाहेर अध्यक्षांचा आवाज आला. बोललेलं त्यांना नीट ऐकू येत होतं, तेवढं दैव. "मधली सुटी नको घेऊ या. पुढे जाऊ आणि संपवू." तो ‘संपवू’ ऐकून कानवाल्यांनी पुन्हा फटीला डोळा लावला. मघाचं मान डोलावणं कुठे गेलं होतं कुणास ठाऊक.

मीटर : ३२

सुटी नाही म्हणजे कॉफी न्यायला वाट नाही. पण बायकोचा आवाज बसत चालला होता आणि हे सगळं आपल्यामुळे, हे कानवाल्यांना आता बोटापासून डोक्यापर्यंत कळलं होतं.

"नको जाऊस," आई म्हणाली.

"खालून जातो. दिसणार नाही."

"अरे, तू हत्तीएवढा."

वर आली तेवढी कॉफी कपात ओतून ते गुडघ्यांवर बसले. कप उजव्या हातात, डावा हात फरशीवर. एक गुडघा, हात, दुसरा गुडघा, थांबायचं, कप बघायचा. सहा पावलं माणसाची होती, रांगताना ती चौदा झाली. पाचव्याला कॉफी बशीत सांडली. नवव्याला गुडघ्याखाली कुठलंसं बटण आलं आणि त्यांनी ओठ चावला. बायको बोलत होती, "ग्राहक ओरडत असेल तर आधी त्याला पूर्ण बोलू द्यायचं," आणि बोलता बोलता तिने न बघता हात खाली केला, कप घेतला, एक घोट प्यायली.

तिचा चेहरा साखरेने असा आवळला, की चष्मेवाल्या बाई पुढे वाकल्या.

"मॅडम," अध्यक्ष म्हणाले. "एक विचारू? तुमच्या खुर्चीशेजारी जमिनीवर एक गृहस्थ आहेत."

पाच पुस्तकांवरचा कॅमेरा वरून चेहरा चांगला दाखवतो. वरून जमीनही चांगली दाखवतो.

"माझे मिस्टर," बायको म्हणाली.

"त्यांना बरं नाहीये का?"

"बरे आहेत. कॉफी आणलीय." मग तिने श्वास घेतला. "आणि मघाच्या त्या शिट्टीबद्दल माफ करा."

"कसली शिट्टी?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लिहून घेणाऱ्याने पहिल्यांदा मान वर केली. "मॅडम, एकसारखा आवाज असला की आमचं हे सॉफ्टवेअर तो आपोआप गाळतं. इथे फक्त तुमचा आवाज येत होता."

बायकोने डोळे मिटले. घरातली दोन माणसं ज्या आवाजाशी झुंजत होती आणि तिसरा माणूस ज्याला शांतता समजत होता, तो या खोलीच्या बाहेर गेलाच नव्हता.

"आवाज नाही आला," अध्यक्ष टाय नीट करत म्हणाले. "हातवारे दिसले. मी तुम्हाला सांगत होतो, की तुम्हाला थेट माझ्या हाताखाली काम करावं लागेल. तेव्हा तुम्ही गळ्यावरून हात फिरवलात."

कानवाले जमिनीवरच आणखी खाली वाकले.

"तो तुम्हाला नव्हता," बायको म्हणाली. "यांना होता."

"जमिनीवरच्या यांना?"

"हो."

आता बायको रडेल, असं कानवाल्यांना वाटलं. ती रडली नाही. ती नुसती लॅपटॉपकडे बघत राहिली, आणि ते त्यांना बघवेना. ते उभे राहिले. गुडघ्यांवर पांढरी धूळ, हातात बशी.

"साहेब, हिचं काही चुकलं नाही. गॅस बंद करा म्हणून खुणा करत होती. मला शिट्टी ऐकूच आली नाही. मी..." बावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी फक्त समोरच्याच्या तोंडून ऐकलं होतं. "मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत."

"काय करता आपण?" चष्मेवाल्या बाईंनी विचारलं.

"लोकांचे कान तपासतो."

लिहून घेणाऱ्याने तेही लिहून घेतलं.

मीटर : २८

मग पडद्यावर तिघांचे ओठ हलू लागले. अध्यक्ष काहीतरी बोलले, बाई काहीतरी बोलल्या, हात हलले, माना हलल्या. आवाज नाही. कानवाल्यांनी एका कानात बोट घालून हलवलं, मग दुसऱ्या.

"गेलं," ते म्हणाले. "आता बोललेलंही ऐकू येत नाहीये."

"कोणालाच येत नाहीये," बायको म्हणाली. "त्यांनी माइक बंद केलाय. बसा."

ते बसले. सवयीने जमिनीवर.

दोन मिनिटं गेली. बायकोने ती गोड कॉफी पूर्ण प्यायली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. स्वयंपाकघराचा पडदा फुगला होता, म्हणजे मागे आई उभी होती.

आवाज परत आला तो चष्मेवाल्या बाईंचा. "तुमच्या घरात एवढं सगळं चाललेलं असताना तुमचं एकही वाक्य अर्धवट राहिलं नाही, हे आम्ही पाहिलंय. मला तुम्ही हव्या आहात."

"माझा विरोध होता," अध्यक्ष म्हणाले. "दोघांनी माझं ऐकलं नाही. मात्र एक अट मी घातलीय. जाहिरातीत घरून काम असं लिहिलं होतं. तुमच्या बाबतीत ती सवलत काढून घ्यावी लागेल. रोज नऊ ते सहा ऑफिसात येऊन—"

"चालेल," बायको म्हणाली.

"प्रवास बराच आहे, एका वेळेला दीड—"

"चालेल. सोमवारपासून येऊ?"

अध्यक्षांनी पुन्हा टाय नीट केला. कानवाल्यांना खूप आनंद झाला आणि आनंद झाल्यावर थोडं वाईट वाटलं, आणि कशाचं वाईट वाटलं हे नीट कळायच्या आत पडदा सरकला. आई कंबरेवर हात ठेवून उभी होती.

"म्हणजे पुन्हा दिवसभर याच्याबरोबर मी एकटीच?"

हा आवाज मात्र सॉफ्टवेअरने गाळला नाही.