दुहेरी हॉप आणि अर्ध्या माणसाची जागा

एका माणसाने दोन माणसांचं काम केल्यामुळे आजवर कोणतीही संस्था बुडालेली नाही. असं करता येतं हे वरच्यांच्या लक्षात आलं, की मात्र तिची प्रगती सुरू होते.

आमच्या बिअरच्या कारखान्याची प्रगती एका फुलाने सुरू केली. हॉप ही एक वेल. तिची सुकवलेली हिरवी फुलं बिअरच्या उकळत्या रसात टाकतात. उकळीच्या सुरुवातीला टाकली तर कडूपणा उतरतो, शेवटच्या दहा मिनिटांत टाकली तर सुगंध राहतो. आमच्याकडे कडूपणाचा हॉप वेगळा, सुगंधाचा वेगळा, म्हणून माणसंही वेगळी. सुरुवातीला कडूकाका, शेवटी अत्तरमावशी. दोघांत बोलणं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी काका म्हणाले होते, "वास म्हणजे नुसते नाकाचे लाड." मावशींनी ते ऐकलं होतं.

मग मालकांचे जावई दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले आणि पाठोपाठ चॅलेंजर नावाच्या ब्रिटिश हॉपची पोती आली.

"हा दोन्ही कामं करतो," जावईबापूंनी सभेत सांगितलं. "आधी टाका, कडू. नंतर टाका, वास. जे एका फुलाला जमतं ते माणसाला का जमू नये?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. (फूल रजा मागत नाही, हे मला घरी गेल्यावर सुचलं.)

परिपत्रक निघालं. दोघांनी एकेक उकळी एकट्याने पार पाडावी. सरस ठरेल तो कढईपाशी राहील, दुसऱ्याची बदली बुचं मोजायला. बुचं मोजायला आमच्याकडे यंत्र आहे. त्या यंत्राने बरोबर मोजली का, हे बघायला एक बिनखिडकीची खोली आहे.

पहिला दिवस काकांचा. निरीक्षक म्हणून मी वही घेऊन बसलो होतो. सुरुवातीचा हॉप काकांनी डोळे मिटून टाकला. तासाभराच्या उकळीतल्या पन्नासाव्या मिनिटाला मात्र ते डाव हातात धरून उभेच राहिले. तीस वर्षं कडू वाफ खाऊन त्यांचं नाक कामातून गेलं होतं, आणि हे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात अत्तरमावशी आत आल्या. चष्मा विसरला होता म्हणे. चष्मा डोळ्यांवरच होता.

"अजून नाही," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"मला कळतं."

"कळतं तर डाव आत्ताच का कलवताय? थांबा. वाफेचा उग्रपणा जाऊ द्या... हं, आता टाका. सगळा नको हो!"

दुसऱ्या दिवशी मावशींनी सुरुवातीला जेमतेम मूठभर हॉप टाकला. कडू त्यांच्या जिवावर यायचं. काका तापमान बघायला आले.

"बाई, अजून दोन डाव."

"एवढं कडू कोण पिणार?"

"पिणारे तोंड वाकडं करतात आणि दुसरा ग्लास मागतात. टाका तुम्ही."

मावशी हसल्या. काकाही हसल्यासारखे दिसले; वाफेमुळे खात्री देता येत नाही. (वहीत मी नोंद केली: आगंतुक दोन, हस्तक्षेप निरंक.)

दोन्ही बिअर तंतोतंत सारख्या निघाल्या. जावईबापूंनी दोन्ही चाखल्या आणि फळ्यावर हिशोब मांडला. यातला प्रत्येक जण एकट्याने दोघांचं काम करतो. म्हणजे दोघे मिळून चौघांचं करतात. काम आहे दोघांचं. तेव्हा दोघांनाही अर्ध्यावर आणणं हेच शास्त्रशुद्ध.

"पण साहेब, आम्ही..." काका म्हणाले. मावशींनी त्यांची बाही ओढली. खरं सांगितलं असतं, तर एक जण नक्की बुचांच्या खोलीत गेला असता.

आता काका अर्धा वेळ येतात, उकळीच्या सुरुवातीला. मावशी अर्धा वेळ येतात, शेवटी. काम पूर्वीसारखंच चालतं. फक्त काका जाताना पाच मिनिटं रेंगाळतात, मावशी पाच मिनिटं लवकर येतात, आणि या दहा मिनिटांत कारखान्यातलं सर्वांत जास्त बोलणं होतं. लेबलावर 'एकहाती बिअर' असं छापलं आहे.

उद्घाटनाला एकशे चौदा रसिकांनी ती चाखली. एकशे नऊ जणांना एकाच हाताची चव स्पष्ट जाणवली. तुम्ही त्यांच्यातच होता. तुम्ही डोळे मिटलेत, "व्वा, फरक कळतो हं!" म्हणालात आणि अभिप्रायाच्या कागदावर लिहिलंत, 'ही पद्धत सगळीकडे लागू करावी.' खाली तुमचं नाव, हुद्दा आणि कार्यालयाचा पत्ता होता.

जावईबापूंनी तो कागद तत्परतेने तुमच्या साहेबांकडे पाठवला. सोमवारी सकाळी तुमच्या खुर्चीत दुसरंच कोणी बसलेलं दिसलं, तर गोंधळू नका. तुमचा अर्धा वेळ दुपारी सुरू होतो.