केतकीबाईंनीं यंत्रसुभा सोडिला त्याची हकीकत

श्री. वीणा आणि पुस्तक जिचे हातीं, फुटपट्टी मात्र जिणें कधीं धरिली नाहीं, त्या शारदेस आधीं नमन असो. शके १९४६ क्रोधी नाम संवत्सरीं विद्यापीठ म्हणोन एक राज्य होतें आणि त्यांत दोन सुभे होते. नाल्याअलीकडे यंत्रसुभा, मोठा दिमाखाचा, आणि पलीकडे कलासुभा, तेथें पंखा फिरे तर दिवा लागेना, परंतु बोलणें अखंड चाले. अलीकडील लोक पलीकडे जात ते नापास होऊन, तोंड लपवून जात. पास जाहालेला मनुष्य आपखुशीनें नाला ओलांडितो, ऐसें कोणीं पाहिलें नव्हतें.

यंत्रसुभ्यांत दिगंबरराव खरवडे यांची कन्या केतकीबाई दुसरे सालीं होत्या. दिगंबररावांचें गांवीं भांड्यांचें दुकान, आणि लेक इंजिनियरीस लागली त्या दिवसापासोन रावांचा तोरा औरच. कोणाचा मिक्सर बंद पडला कीं रावांनीं म्हणावें, "ठेवून जा, आमची इंजिनियर सुटीला आली की बघेल." मग बाईंनीं सुटीस यावें आणि दारीं मिक्सरांची फौज उभी पहावी.

तर त्या सुभ्यांत रिवाज ऐसा कीं नकाशा एकानें काढावा आणि काचेखालीं दिवा लावून बाकी समस्तांनीं त्यावरून गिरवावा, यास जीटी मारणें म्हणत. भाद्रपदमासीं एका पंपाचा नकाशा आला आणि बाईंनीं गिरवतां गिरवतां पाहिलें कीं कडेस एक भोक आहे, परंतु त्यांत बोल्ट घालावा तर जागाच नाहीं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, सगळ्यांनी काढलंय, तूही काढ ना." बाईंनीं काढिलें, परंतु मनास चैन पडेना. मग हें भोक आलें कोठून, म्हणोन वरच्या सालाच्या मुलांस पुसलें, आणि त्यांनीं त्यांचे वरच्यांचें नांव सांगितलें, आणि त्यांनीं आणिक मागील. ऐसे जुने नकाशे धुंडीत आणि नोकरीस लागलेल्या माजी विद्यार्थ्यांस फोन लावीत बाई मागें मागें गेल्या, तों तहानभुकेची शुद्ध राहिली नाहीं. शेवटीं मूळ नकाशा सांपडला आणि पहातात तों तें भोक नव्हेच, चहाच्या पेल्याचा डाग! पुढील शहाण्यानें त्यास कंपासानें नीट गोल केलें आणि त्यापुढील शहाण्यानें वर माप लिहिलें. बाई एकट्याच हसत सुटल्या. इतका आनंद यंत्रसुभ्यांत त्यांस कधीं जाहाला नव्हता.

मग जुन्या कागदांचे जाणते पलीकडेच, म्हणोन तडक नाला ओलांडून इतिहासखात्याच्या अध्यापिका नसरीनबाई बागवान यांस वृत्तांत निवेदिला. त्या म्हणाल्या, "अगं, आम्ही हेच तर करतो! पोथीच्या नकला जुळवायच्या आणि चूक कुठं शिरली ते शोधायचं. तुला कुणी शिकवलं हे?" बाई बोलल्या, "कुणीच नाही मॅडम." तेच घटकेस निश्चय जाहाला कीं मुलूख आपला तो हाच. परंतु पुढें मार्गशीर्षांत एम-थ्री म्हणोन गणिताचा दुर्घट किल्ला होता, ज्याखालीं भले भले गारद जाहाले. आतां गेल्यास लोक म्हणतील, एम-थ्रीला भिऊन पळाली. सबब बाईंनीं निकरानें मोर्चे लाविले, आणि माघांत निकाल आला तों सुभ्यांत अव्वल!

दुसरे दिवशीं बाई यंत्रसुभ्याचे प्रमुख रणदिवेसर यांपुढें हजर होऊन बोलल्या, "सर, मला इतिहासाला जायचंय." सर थक्क जाहाले. म्हणाले, "अगं, पास झालेल्यांना तिकडं पाठवायचा नियम आहे की नाही, तेच मला ठाऊक नाही!" मग दिगंबररावांस बोलावणें गेलें आणि राव धापा टाकीत आले. म्हणाले, "पहिली आलीस आणि सोडतेस? गावात मी काय सांगू गं?" त्यांचे डोळे भरून आले, परंतु बाईंनीं पाय मागें घेतला नाहीं. बोलल्या, "बाबा, मला हे जमतं. जमतं म्हणून जन्मभर करत राहिले, तर तुमचं नाव राहील, पण मी सुखात नसेन. तुम्ही रागावा, पण मी जाणार." आणि भोकाची अवघी कथा सांगितली. रावांनीं ती शेवटपर्यंत ऐकिली. मग सरांस म्हणाले, "साहेब, द्या परवानगी. घरात भांडण झालं तरी पहिलं कोण काय बोललं ते शोधल्याशिवाय ही जेवत नसे. मलाच उशिरा कळलं."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहाली. दोन सालें खर्चीं पडलीं आणि पुढील जूनांत केतकीबाई आपणाहून धाकट्या पोरांसंगें पहिल्या बाकावर बसल्या. दिगंबरराव गांवीं गेले, आणि दुकानीं कोणी हळहळून पुसों लागला, "पोरगी नापास झाली म्हणे?" तर हातचें गिऱ्हाईक टाकून बाहेर येत आणि रस्त्यापर्यंत ऐकूं जाईल ऐसें सांगत, "पहिली आली होती! पहिली येऊन गेली!" हें वर्तमान जैसें घडलें तैसें लिहिलें. वाचणारांचें कल्याण असो.