तीन मोटरींवरची पाहणी

मुलुंड पूर्वेच्या शुभसंकल्प सोसायटीत, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या नलिनी तांबे यांच्या स्वयंपाकघरात तीन वर्षं गळती होती. या काळात कमिटीने गळतीची तीनदा नोंद घेतली, दोनदा गंभीर दखल घेतली आणि एकदा खेद व्यक्त केला. पाणी तरीही गळत राहिलं. शेवटी नलिनीताई सेक्रेटरी नंदकिशोर परबांच्या दारात भरलेलं पातेलं घेऊन बसल्या, तेव्हा बाहेरच्या भिंतीची ड्रोनने पाहणी करण्याचा ठराव पास झाला.

रविवारी सकाळी ड्रोनवाला चैतन्य आला. वॉचमनने रजिस्टरमध्ये रीतसर लिहिलं: नाव – ड्रोन. कोणाकडे – भिंतीकडे.

ड्रोन दोन विंगांच्या मधोमध वर चढला. पाचव्या मजल्याशी कट्‌कन आवाज झाला आणि तो स्वतःभोवती गरगरू लागला.

"हा असा काय करतोय रे?" परबांनी विचारलं.

"चारातली एक मोटर गेली, काका. आता असाच फिरत खाली येणार."

"खाली यायचं ठरावात नाही!"

"काका, बाजूला व्हा!"

ड्रोन पार्किंगच्या पत्र्यावर आपटला. कोणाला लागलं नाही. कॅमेरा शाबूत होता, म्हणून सगळे सभासद ऑफिसमध्ये टीव्हीसमोर बसले.

पहिल्याच गिरकीत पाचव्या मजल्यावरची परबांची बाल्कनी दिसली. तिच्यात बाथरूम होतं. त्याचा पाइप फुटला होता.

नलिनीताई ताडकन उठल्या. "परब! तीन वर्षं तुमची आंघोळ माझ्या फोडणीत पडतेय!"

परब रिमोट शोधू लागले. पण व्हिडिओ फिरतच होता. पुढच्या गिरकीत खजिनदारांचं ग्रिल दिसलं, त्यात अख्खा पलंग मावला होता. मग पाइपांच्या डक्टमध्ये कमिटी सदस्य नानांचं देवघर. मग चौथा मजला.

"ताई," परब हळूच म्हणाले, "माझ्या बाल्कनीखाली तुमची बाल्कनी हवी ना? तिथे तुमचा ओटा कसा काय?"

नलिनीताई बसल्या.

"व्हिडिओ फारच फिरतोय," मग त्याच म्हणाल्या. "मला तर काहीच नीट दिसलं नाही."

"मलाही गरगरलं," खजिनदार म्हणाले.

त्या सोसायटीच्या इतिहासात प्रथमच एक ठराव एकमताने पास झाला: 'एक मोटर बंद असताना झालेलं चित्रण तांत्रिकदृष्ट्या अग्राह्य असल्याने ते तत्काळ पुसण्यात यावं. श्रीमती तांबे यांच्या गळतीची कमिटीने पुन्हा नोंद घेतली आहे.' श्रीमती तांबे यांनी अनुमोदन दिलं.

आपण हे हॉलमध्ये आरामात बसून वाचत असाल आणि हसू येत असेल, तर जरूर हसा. फक्त बसलाय ती जागा बिल्डरच्या नकाशात काय होती, तेवढं आधी आठवून पाहा.