चपला जप्त करणारे गफूरमामा

नवा पेशंट वॉर्डात आला की डॉक्टर त्याची छाती तपासतात, मी सिस्टर म्हणून बीपी बघते आणि आमचे वॉर्डबॉय गफूरमामा त्याची चप्पल जप्त करतात.

चप्पल उलटी करून बघायची, "पार गुळगुळीत झालीय. वल्या फरशीवर गेलाच हा," असं जाहीर करायचं आणि ती आतल्या खोलीत टाकून यायचं. नातेवाईक भांडले की मामांना आणखी हुरूप येतो.

पेशंट पडू नयेत म्हणून आमच्या दवाखान्यानेही मोठी कामगिरी केली आहे. 'सावकाश चाला' असा फलक लावलाय. तो संडासात आहे. म्हणजे तिथवर न पडता पोचलेल्यांनाच वाचता येतो.

मामांच्या मते पेशंट दोनच प्रकारचे, "पडनारे आन् पडून मोडनारे." दुसऱ्यात ठिसूळ हाडांचे म्हातारे आणि रक्त पातळ करायची गोळी घेणारे येतात. "तरन्याला टेंगूळ येतंय, सिस्टर. ह्यांचं डोकं आपटलं तर आत रगत थांबत न्हाई." नर्सिंग शिकलेल्या मला हे ते रोज समजावतात. फार उपकार आहेत त्यांचे.

मध्यंतरी चकलांब्याचे एक पैलवान आजोबा दाखल झाले. वय ऐंशीच्या घरात, हृदयाचं दुखणं, तीच गोळी चालू. पाय लटपटत होते, मिशा तेवढ्या ताठ. लघवीला जायचंय हे सुनेला सांगायची लाज, मला सांगायची त्याहून जास्त. एकटेच उठले आणि झोक गेला. खाटेचा लोखंडी कोपरा डोक्यापासून चार बोटांवर राहिला.

मी ओरडले. "आमाला धरून नेनारा अजून जन्मला न्हाई," आजोबा म्हणाले. पुढच्या खेपेला हे वाचणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मामा खाटेशी गेले. "पैलवान, मला लई चक्कर येतीय. संडासाकडं जायचंय, पर एकट्याला भ्या वाटतंय. जरा धरून नेता का?"

पैलवानांनी मामांचा दंड गच्च धरला. मामा खोटंच कण्हत चालले आणि आजोबांचा सगळा भार आपल्यावर घेत राहिले. आठ दिवस हेच चाललं.

घरी जाताना पैलवानांनी मला बाजूला घेतलं. "मामाला एकटं सोडू नका, सिस्टर. पडंल त्यो. घरी कोन हाय त्याला?"

मामांबरोबर मी अकरा वर्षं काम करतेय. मला उत्तर माहीत नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

मामा मागेच उभे होते. "कोनी न्हाई, पैलवान," म्हणाले आणि दंड पुढे केला. पैलवानांनी तो धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही.