सुभेदार, बटण आणि डॉक्टरांचा कोट

शिवणकामात मुरलेल्या माणसाला जगातली कुठलीही दोन टोकं जोडता येतात, असं टेलरमास्तरांचं ठाम मत होतं. उभ्या रेघांचं कापड आडव्या रेघांना जोडून दाखवणारा माणूस मी, माझ्यापुढे दोन कुत्री ती काय, असं त्यांनी सकाळीच बायकोला ऐकवलं. बायको नुसतं "बरं" म्हणाली. या "बरं"चा अर्थ मास्तरांना इतक्या वर्षांत कळला नव्हता, किंवा कळणं सोयीचं नव्हतं म्हणा.

प्रकरण असं होतं. सुभेदार हा मास्तरांचा म्हातारा कुत्रा. पुढच्या खोलीत दुकान, दुकानात मशीन आणि मशीनखाली सुभेदार, अशी घराची घडी बसलेली. त्यात मेहुणीने आपल्या कुत्रीचं एक पिल्लू आणून सोडलं. काळं, गोल, चकचकीत. नाव पडलं बटण. सुभेदाराने बटणाला पाहिलं मात्र, अख्खं दुकान डोक्यावर घेतलं! बटण कपाटामागे दडून बसलं, ते झाडू घालून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून बटण मागे स्वयंपाकघरात, सुभेदार पुढे दुकानात आणि मधलं दार बंद. शेवटी मेहुणीने कळवलं, संध्याकाळी येते, जमत नसेल तर पिल्लू परत नेते.

गेलं तर गेलं, तेवढीच कटकट कमी, असं मास्तर चारचौघांत म्हणत. खरं सांगायचं तर बटणाने त्यांना पार वेडं केलं होतं. मास्तर जेवायला बसले की ते त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायचं, आणि पायाला मुंग्या आल्या तरी मास्तर ताटावरून हलायचे नाहीत. ते जाऊ नये, असंच त्यांना मनातून वाटत होतं.

म्हणून त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर त्यांचं गिऱ्हाईक. संध्याकाळी त्यांचा सत्कार होता आणि त्यासाठीचा कोट मास्तरांच्याच मशीनवर होता. डॉक्टर म्हणाले, एकदम समोरासमोर आणू नका, आधी वासाची ओळख होऊ द्या. एक फडकं पिल्लाच्या अंगावरून फिरवून म्हाताऱ्याच्या अंथरुणात ठेवा, दुसरं म्हाताऱ्याच्या अंगावरून फिरवून पिल्लाला द्या. त्यावर दोघं शांत झोपली की निम्मं काम झालं.

हात्तिच्या! मास्तरांनी कातरणातले दोन बरे तुकडे उचलले. एक बटणाच्या अंगावर घासला. बटणाने आनंदाच्या भरात तो जरा ओलाही केला. दुसऱ्याने सुभेदाराला मानेपासून शेपटीपर्यंत खसाखसा पुसलं. वासात वास मिसळायला नको म्हणून बटणाचा तुकडा टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवला, सुभेदाराचा उजव्या. एवढ्यात डॉक्टरांचा फोन आला, कोट झाला का? मास्तर म्हणाले, झालाच. शिंप्याचं "झालाच" म्हणजे खांदे अजून बसायचे असतात. ते लगबगीने मशीनवर बसले. खांद्यांच्या गादीत भरायला चिंध्या हव्या होत्या, आणि मोकळा तुकडा दिसला की शिंप्याचा हात मालकाला विचारत बसत नाही. टेबलाच्या डाव्या टोकाचा तुकडा डाव्या खांद्यात गेला, उजव्या टोकाचा उजव्या खांद्यात. वरून अस्तर घातलं, टीप मारली आणि मास्तर मोकळे झाले.

मग त्यांना कुत्री आठवली. खाली कातरणात तशाच कापडाचे दोन तुकडे पडलेले दिसले. हेच ते, असं म्हणून त्यांनी एक सुभेदाराला दिला, एक बटणाला. दोघं त्यावर ढाराढूर झोपली. झोपणार नाहीत तर काय, कोऱ्या कापडाशी भांडायचं कशावरून? पण मास्तरांची छाती फुगली. त्यांनी बायकोला मुद्दाम बोलावून दोन्ही झोपा दाखवल्या.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि कोट चढवून आरशासमोर उभे राहिले. मशीनखालून सुभेदार उठला. हवेत नाक फिरवत तो डॉक्टरांभोवती घुटमळू लागला.

"मास्तर, हा माझ्या खांद्याकडे असा का बघतोय?"

"रुबाब बघतोय, डॉक्टर."

तेवढ्यात सुभेदाराने पुढचे दोन्ही पाय डॉक्टरांच्या छातीवर रोवले आणि डाव्या खांद्याशी नाक नेऊन असा गुरगुरला, की डॉक्टर कापडाच्या ठाणांवर जाऊन आदळले. कसला आवाज म्हणून बायकोने मधलं दार उघडलं, आणि तिच्या पायांतून बटण सुसाट दुकानात! डॉक्टरांनी जीव वाचवायला कोट काढून फेकला. डाव्या खांद्याला सुभेदार भिडला, उजव्या खांद्याला बटण. चर्रर्र! मास्तरांना आता कोटाची फिकीर नव्हती. म्हातारा बटणाला फाडणार, या भीतीने त्यांनी डोळे गच्च मिटले.

डोळे उघडले तेव्हा कोटाचे दोन्ही खांदे मोकळे झाले होते आणि दोघांच्या तोंडात एकेक तुकडा होता. सुभेदाराने आपला तुकडा खाली टाकून हुंगला, मग बटणाला हुंगलं. परत तुकडा, परत बटण. मग एक सुस्कारा टाकून त्याने कोटावर अंग टाकलं. बटण त्याच्या पोटाशी सरकलं, आणि थोड्याच वेळात दोघं घोरू लागली.

"फडकं खांद्यात कसं गेलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सवयीने हात गेला," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

मेहुणी आली, दारातूनच तिने ते दृश्य पाहिलं, आणि मग काय, राहू दे इथेच, असं म्हणून चहा टाकायला आत गेली. मास्तरांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. दोन टिपा मारून कोट उभा करतो, असं म्हणत ते वाकले, तर डॉक्टरांनीच त्यांचा हात धरला. ते म्हणाले, दोघं पहिल्यांदा एकत्र झोपली आहेत, आता खालून कोट ओढलात तर सुभेदार राग पिल्लावर काढेल आणि सगळं मुसळ केरात जाईल. पण मला घालायला काहीतरी द्या, सत्काराची वेळ झाली.

"अहो, तुमचा तो समारंभाचा कोट आहे ना कपाटात," बायको म्हणाली.

त्या कोटाचं आजवर सगळ्यांनी कौतुक केलं होतं, आणि मास्तरांनी ते मान झुकवून स्वीकारलंही होतं. लोकांचे कपडे शिवता शिवता स्वतःसाठी कधी सवड झाली नाही, म्हणून तो कोट त्यांनी परगावच्या मोठ्या दुकानातून तयार आणला होता. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. मास्तरांनी एकवार बटणाकडे पाहिलं. झोपेत त्याचे कान हलत होते. मग मास्तर आत गेले आणि कोट घेऊन आले.

डॉक्टरांनी तो चढवला आणि आरशात मागून-पुढून स्वतःला न्याहाळलं.

"मास्तर, याला म्हणतात हात! खांदे बघा कसे बसलेत. माझाही अगदी अस्साच शिवायचा."

मास्तरांनी मान डोलवली. मग कॉलर नीट करायच्या निमित्ताने त्यांनी आतलं परगावच्या दुकानाचं लेबल बोटाने दाबलं, आणि ते तसंच दाबून धरत डॉक्टरांच्या मागोमाग थेट गाडीपर्यंत चालत गेले.