कुणाच्या बापाला न हलणारी पाटी

टेकडीवरची पाटी बसवून सिमेंट धरल्यावर मिस्त्रींनी तिला एक सणसणीत लाथ घालून पाहिली. पाटी तसूभरही हलली नाही, मिस्त्री मात्र घरापर्यंत लंगडत आले. बायकोने पाय कसा दुखावला म्हणून विचारलं तर म्हणाले, "काम झकास झालंय."

तसं त्यांचंही चुकत नव्हतं. टेकडीच्या पायवाटेवर आजवर लावलेल्या पाट्यांचे हाल कुत्रं खात नव्हतं. एक कुणीतरी शेकोटीत घातली, एकीचे स्टंप झाले, आणि एकीवर प्रेमी जनांनी इतकी नावं कोरली की वाट कुठली ते शोधायला चष्मा लागायचा. शेवटी वनखात्याच्या मॅडमनी मिस्त्रींना बोलावून सांगितलं, एक नमुना करा. टिकला तर अख्ख्या टेकडीचं काम तुमचं.

आणि नाही टिकला तर मेहुणा होताच. मेहुण्याचं फर्निचरचं चकाचक दुकान होतं आणि तिथे मिस्त्रींसाठी एक जागा त्याने राखून ठेवली होती. गळ्यात टाय बांधायचा आणि गिऱ्हाइकाला भुश्याचे पलंग सागाचे असल्यासारखे दाखवायचे. मिस्त्रींच्या कारखान्यात बरेच दिवस रंधा फिरला नव्हता, त्यामुळे बायकोनेही अलीकडे टायचा विषय काढायला सुरुवात केली होती.

म्हणून मिस्त्रींनी या पाटीत जीव ओतला. जाडजूड सागाची फळी घेतली. रंग खरवडता येतो, म्हणून अक्षरं रंगवलीच नाहीत, चांगली खोल कोरली. बोल्ट लाकडात बुडवून वर लाकडाच्याच गुल्ल्या ठोकून घासून टाकल्या, पान्याला पकडायला काही ठेवलंच नाही. कुणी करवत लावली तर दात मोडावेत म्हणून खांबाच्या पोटात सळया घातल्या, आणि कुणी पिरगाळू नये म्हणून बुडातून एक आडवी सळई काढून सगळं काँक्रीटमध्ये गाडलं. वर तेलाचे हात दिले. पाटीची मागची बाजूसुद्धा पुढच्यासारखी आरशासारखी घासली. मागे कोण बघतंय, असं बायको म्हणाली, तर त्यांना राग आला.

ज्या दिवशी दुपारी मॅडम येणार होत्या, त्या सकाळी दोघं नवराबायको पाटीवरचं गोणपाट सोडायला गेले. सिमेंटचे शिंतोडे उडू नयेत म्हणून फळी आधीपासूनच गोणपाटात गुंडाळलेली होती. खालून वर येणाऱ्याला या फाट्यावर उजवीकडे तळं लागतं आणि डावीकडे गावाचा कचरा डेपो. मिस्त्रींनी ऐटीत गोणपाट ओढलं. समोर कोरी फळी. इतकी सुंदर घासलेली कोरी फळी त्या टेकडीने कधी पाहिली नसेल.

बसवताना गोणपाटाच्या जाड घड्यांमधून कोरलेली अक्षरं हाताला लागली नव्हती, आणि कडा तर दोन्हीकडून सारख्याच गुळगुळीत. पाटी उलटी बसली होती. "तळ्याकडे" ही अक्षरं आता तळ्यावरून परत येणाऱ्यांना दिसत होती, आणि त्याखालचा बाण रुबाबात कचरा डेपोकडे जात होता.

"उपटू या," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी घरून हत्यारं आणली. करवत लावली, तिचे दात मोडले. पहारीने खणलं, पहार वाकली. पिरगाळून पाहिलं, तर मिस्त्रींचीच कंबर पिरगाळली गेली. चोराला छळण्यासाठी जे जे योजलं होतं, ते सगळं आता एकेक करून त्यांच्याच राशीला येत होतं.

तेवढ्यात तळ्यावरून एक निवृत्त मास्तर आणि त्यांच्या सौभाग्यवती खाली आले. पाटी वाचून मास्तर थबकले. मिस्त्रींनी तोंड उघडायच्या आत ते बायकोला म्हणाले, आपण पाहिलं ते नुसतं डबकं असणार, खरं तळं इकडे आहे. तिने आत्ताच तर पाय बुडवून आलो म्हणून सांगितलं. पण एवढी भक्कम पाटी खोटं कशाला बोलेल, असं म्हणून मास्तर डेपोकडे निघालेसुद्धा.

मिस्त्रींनी डोकं धरलं. बायकोने पदर खोचला आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा कोरायला सांगितलं. निदान खालून येणारे तरी चुकायचे नाहीत. मिस्त्रींनी पटाशी घेतली. जेमतेम 'त' झाला असेल, तोच मास्तर नाकाला रुमाल लावून परतले आणि पटाशी बघून भडकलेच. "या वयात? आणि बायको शेजारी उभी असताना? कोण ही त?"

मास्तर मिस्त्रींचं मनगट धरून उभे होते, तेव्हाच मॅडम धिप्पाड वनरक्षकाला घेऊन पोचल्या. त्यांना आधी पाटीची मजबुती तपासायची होती, अक्षरं नंतर. वनरक्षकाने बाह्या सरसावल्या, खांबाला मिठी मारली, झोंबला, लाल झाला, शेवटी खाली बसून त्याने पाणी मागितलं. मॅडम खूश झाल्या. खूश होऊन पाटीला प्रदक्षिणा घालायला निघाल्या आणि पलीकडे गेल्यावर त्यांचे पाय थांबले.

मिस्त्रींना मेहुण्याच्या दुकानातला टाय डोळ्यांसमोर दिसला. पण खोटं बोलायचा स्वभाव नव्हता.

"माझी चूक आहे, मॅडम. सकाळपासून काढतोय. निघत नाही."

"तुम्हालासुद्धा?"

"मलासुद्धा."

 मॅडम म्हणाल्या, मजबुतीचं पटलं, पण लोकांना कचऱ्यात पाठवणारी पाटी ठेवता येणार नाही. हा बाण बुजवणार कसा?  एवढा खोल कोरलेला बाण बुजत नाही, हे मिस्त्रींइतकं कुणाला ठाऊक होतं.

तेव्हा बायकोने मान तिरकी करून बाणाकडे बघितलं. "अहो, टोकाची शेपटी करा की. दुसऱ्या अंगाला तोंड काढा. मासा तळ्याकडेच जाणार ना?"

मिस्त्री पटाशी घेऊन बसलेच. बाणाच्या टोकाची शेपटी झाली, दांड्याचं अंग फुगलं, खवले आले, आणि दुसऱ्या टोकाला डोळा उघडून मासा तळ्याच्या दिशेने निघाला. कोऱ्या बाजूच्या 'त'चंही 'तळ्याकडे' झालं आणि त्याखाली तसाच मासा आला. मास्तरांनी तो बोट लावून तपासला आणि मनगट धरल्याबद्दल माफी मागितली. मॅडमनी बाकीच्या सगळ्या पाट्यांवर मासाच हवा म्हणून सांगितलं, फक्त गोणपाटावर खडूने पुढची बाजू लिहून ठेवायची अट घातली.

उतरताना मिस्त्री लंगडत होते, कंबर धरून चालत होते आणि शीळ घालत होते. बायकोने वाटेतच भावाला फोन लावला.

"दादा, ती जागा भरून टाक," ती म्हणाली. "हे काही येत नाहीत. अरे, यांनी केलेली चूकसुद्धा कुणाला उपटता येत नाही."